प्रोस्टेट कॅन्सरचं हार्मोन इंजेक्शन चालू झालंय? मग घरच्यांनी एवढं समजून घ्या

लातूरला माझं मेडिकल आहे, कॅन्सरची औषधं ठेवतो म्हणून उदगीर, अहमदपूर, धाराशिव, अंबाजोगाई कुठून कुठून लोक येतात. हातात वडिलांची नाहीतर काकांची चिठ्ठी असते, त्यावर ल्युप्रोलाइड किंवा गोसेरेलिन लिहिलेलं असतं आणि लेकरं विचारतात, हे केमो आहे का, किती दिवस घ्यायचं, अण्णांचा पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रोटीन, रक्तात मोजतात) तर नॉर्मल आलाय मग आता बंद केलं तर चालतंय का. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, पण ओपीडीतल्या गर्दीत अर्धं कानावर पडतं अन् अर्धं घाबरल्यामुळं डोक्यात शिरत नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितोय. डोस ठरवणं, औषध बदलणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही, पण तारखा, गोळ्या, रिपोर्ट, खाणंपिणं हे घरच्यांनाच बघावं लागतं आणि हार्मोनचं काम एकदा नीट कळलं की बाकीच्या गोष्टी का करायच्या ते आपोआप कळतं.

आधी हार्मोनचं बघू

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली असलेली ग्रंथी. ती वाढते, काम करते ती टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर. तिच्यात कॅन्सर झाला तरी त्या पेशींची ही गरज सुटत नाही, सुरुवातीला तरी बहुतेक सगळ्या पेशी या हार्मोनच्याच जोरावर वाढत असतात. शरीरातलं 90 ते 95 टक्के टेस्टोस्टेरॉन अंडकोषांत तयार होतं, उरलेलं थोडं किडनीच्या वर ज्या अॅड्रिनल ग्रंथी असतात तिथल्या कच्च्या मालातून बनतं. प्रोस्टेटच्या पेशीत गेल्यावर त्याचं डीएचटी नावाचं जास्त ताकदीचं रूप होतं, ते पेशीतल्या अँड्रोजन रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन पकडणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं आणि मग पेशीला वाढ, टिकून रहा असा हुकूम मिळतो. पीएसए बनवायचा हुकूमसुद्धा याच रिसेप्टरकडून जातो, म्हणून हार्मोन तोडलं की पीएसए भराभर खाली येतो.

याचं मूळ शेतातल्या विहिरीवरच्या मोटरीसारखं धरा. मेंदूतून एलएचआरएच नावाचा सिग्नल सुटतो, तो पिट्युटरी ग्रंथीला मिळतो, पिट्युटरी एलएच नावाचं हार्मोन सोडते आणि त्यावर अंडकोष टेस्टोस्टेरॉन बनवतात. म्हणजे मेंदू अन् पिट्युटरी मिळून स्टार्टर, अंडकोष ही मोटर, टेस्टोस्टेरॉन हे पाणी आणि कॅन्सरची पेशी हे वावरातलं तण. मग पाणी तोडायचे तीन मार्ग झाले, मोटरच काढायची, स्टार्टर बंद करायचा, नाहीतर तणाच्या बुडाशी जाऊन पाणी अडवायचं. आजचे बहुतेक हार्मोन उपचार या तिन्हीतच बसतात.

हे काही नवीन नाही. 1941 साली शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं की अंडकोष काढले किंवा इस्ट्रोजेन दिलं तर पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरसुद्धा आटतो, त्या कामाला 1966 चं नोबेल मिळालं. आता एवढी नवीन औषधं आली तरी पाया तोच आहे.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. टेस्टोस्टेरॉन जास्त होतं म्हणून कॅन्सर झाला, असं सरळ गणित नाहीये. वडिलांच्या तरुणपणातल्या कशाशी, लग्नसंसाराशी याचा संबंध जोडून घरात कुजबुज करू नका, माणूस आधीच खचलेला असतो.

ऑपरेशन का इंजेक्शन

मोटर काढायची म्हणजे दोन्ही अंडकोष काढायचं ऑपरेशन. छोटं ऑपरेशन आहे, टेस्टोस्टेरॉन काही तासांतच खाली येतं, एकदाच खर्च होतो आणि पुढं आयुष्यभर तारखा सांभाळायची कटकट नाही. नसबंदी अन् हे एकच असं पुष्कळ जण धरून चालतात, तसं नाही, नसबंदीत हार्मोनला धक्का लागत नाही आणि इथं तर हार्मोन बंद करायलाच ऑपरेशन असतं. हे परत उलटं करता येत नाही, हा त्यातला मोठा भाग. आपल्याकडं लई जणांना हे ऑपरेशन म्हणजे मर्दपणा जाणं वाटतं, पण इंजेक्शननंसुद्धा हार्मोन तेवढंच खाली जातं आणि इच्छा, ताठरता यावर परिणाम दोन्हीत सारखाच होतो, हे समोर बसून बोलायला पाहिजे. दर तीन महिन्याला इंजेक्शनचे पैसे उभे करताना ज्यांची ओढाताण होते आणि ज्यांना उपचार कायमच घ्यायचाय, त्यांनी ऑपरेशनचं डॉक्टरांना नक्की विचारावं, लाज धरू नये. निर्णय मात्र पेशंटचाच, लेकरांनी परस्पर ठरवू नये.

इंजेक्शनमध्ये दोन जाती आहेत. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही एक. ही स्टार्टरला एवढा सतत सिग्नल देतात की शेवटी पिट्युटरी दाद द्यायचंच सोडते, पण तोपर्यंत पहिला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. याला फ्लेअर म्हणतात. कॅन्सर हाडात असेल तर या दिवसांत दुखणं वाढू शकतं, लघवी अडू शकते, मणक्यात गाठ असेल तर नसेवर दाब येऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर सुरुवातीला बायकॅल्युटामाइडची गोळी, म्हणजे तणाच्या बुडाशी पाणी अडवणारी, लिहितात, इंजेक्शनच्या आधी किंवा सोबतच चालू करून काही आठवडे. पुष्कळ जण काउंटरवर म्हणतात इंजेक्शन द्या, गोळी राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू. असं करू नका, त्या गोळीचं खरं काम पहिल्या काही आठवड्यांतच असतं.

दुसरी जात डेगारेलिक्सची, ती स्टार्टर सरळ बंदच करते, फ्लेअर नाही आणि बहुतेकांचं टेस्टोस्टेरॉन तीन दिवसांत खाली येतं. पोटाच्या कातडीखाली देतात, पहिल्या दिवशी दोन सुया आणि नंतर महिन्याला एक, टोचलेल्या जागी लाल होऊन सूज येते, दुखतं, दोन-चार दिवसांत बसतं. याच कामाची रेलुगोलिक्स नावाची रोजची गोळीपण आहे, पण गोळ्या चुकत राहिल्या की पाणी परत सुरू होऊ शकतं, त्यामुळं ज्यांना गोळ्यांचं ध्यान राहत नाही त्यांना ती जमेलच असं नाही.

इंजेक्शन आणताना आणि देताना

इथं जरा थांबून वाचा, कारण गडबड होते ती इथंच.

खोक्यावरचे मिलिग्राम बघून महिने ठरवू नका. ल्युप्रोलाइड 22.5 हे तीन महिन्यांचं असतं आणि ट्रिप्टोरेलिन 22.5 हे सहा महिन्यांचं, आकडा एकच पण हिशोब वेगळा. गोसेरेलिन 3.6 हे 28 दिवसांचं आणि 10.8 हे 12 आठवड्यांचं. दुकानदार म्हणाला ते नाही हे घ्या, सेमच आहे, तर घ्यायच्या आधी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. हे मी स्वतः दुकानदार असून सांगतोय.

28 दिवस म्हणजे 28 दिवस, महिना नाही. कॅलेंडरवर पुढची तारीख इंजेक्शन दिल्या दिवशीच लिहून ठेवायची, मोबाइलला अलार्म लावायचा आणि औषध आठवडाभर आधी सांगून ठेवायचं, कारण तालुक्याच्या गावात ते लगेच मिळत नाही, मागवावं लागतं. सोयाबीनची काढणी आली, पाहुण्यात लग्न आलं, वारीला गेले, म्हणून पंधरा-वीस दिवस पुढं ढकलणारे मी बघितलेत. तेवढ्यात पुष्कळदा काही दिसत नाही, दुखत नाही, म्हणून वाटतं काय फरक पडतो, पण आत टेस्टोस्टेरॉन परत वर यायला लागू शकतं. तारीख चुकलीच तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

आपला उन्हाळा तुम्हाला माहितीय. काही इंजेक्शनं 2 ते 8 डिग्रीत ठेवायची असतात, काही 25 च्या खाली चालतात, खोक्यावर लिहिलेलं असतं ते वाचून घ्या नाहीतर विचारून घ्या. एप्रिल-मेमध्ये एसटीनं नाहीतर मोटारसायकलच्या डिक्कीत टाकून 42 डिग्रीत औषध नेऊ नका. थर्मासचा डबा आणा, बर्फाच्या पिशवीवर कापड गुंडाळा, औषध बर्फाला चिकटू देऊ नका कारण गोठलं तरी बाद होतं. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचं तर दाराच्या कप्प्यात नको अन् वरच्या बर्फाच्या खणात तर अजिबात नको, मधल्या जाळीवर ठेवा. लाइट किती वेळ गेली होती ते ध्यानात ठेवा आणि जास्त वेळ गेली असेल तर वापरायच्या आधी विचारा.

इंजेक्शन माहितीच्या माणसाकडूनच घ्या. डेपोचं, म्हणजे अंगात हळूहळू सुटणारं, औषध द्रवात कालवून लगेच द्यावं लागतं, नीट कालवलं नाही तर अर्धं सुईत अडकतं. गोसेरेलिन तर द्रव नसतंच, बारीक काडीसारखा तुकडा जाड सुईनं पोटाच्या कातडीखाली सोडतात. खोक्याचं स्टिकर फाडून फाइलमध्ये चिकटवा, तारीख अन् कुठल्या बाजूला दिलं ते लिहा.

रिपोर्ट कसे बघायचे

एकटा पीएसए बघून खुश होऊ नका आणि एकटा पीएसए बघून घाबरूही नका. सोबत टेस्टोस्टेरॉन तपासायला पाहिजे, तेव्हाच कळतं की पाणी खरंच तुटलंय का. उपचार चालू असताना ते 50 नॅनोग्राम प्रति डेसिलिटरच्या खाली पाहिजे, पुष्कळ डॉक्टर 20 च्या खाली असलेलं पसंत करतात. टेस्ट पुढच्या इंजेक्शनच्या थोडी आधी केली तर औषध शेवटपर्यंत टिकलं का तेही समजतं. लॅब शक्यतो एकच ठेवा. लघवीचं इन्फेक्शन झालं, नळी टाकली, तर पीएसए उगाच वाढलेला दिसू शकतो, तेव्हा ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

एक गोष्ट हमखास सुटते. प्रोस्टेट वाढलं म्हणून आधीपासून फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी चालू असली, पुष्कळदा ती टॅम्सुलोसिनसोबत एकाच गोळीत असते, तर सहा-बारा महिन्यांत पीएसए निम्म्याच्या आसपास दिसतो. म्हणजे रिपोर्टमध्ये 3 आला तरी तो खरा 6 धरायचा. कॅन्सरची तपासणी चालू असताना ही गोळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, तीही टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी होऊ न देण्याचंच काम करते.

आणि पीएसए खाली आला म्हणजे रोग गेला असं नाही. पाणी तोडल्यामुळं तण सुकलंय, मुळं आहेत. आजार प्रोस्टेटपुरता असेल आणि रेडिएशन चालू असेल तर हार्मोन ठरावीक काळच देतात, कुणाला सहा महिने, जास्त धोक्याच्या आजारात दीड ते तीन वर्षं. पसरलेल्या आजारात बहुतेकदा कायम. काही निवडक पेशंटला डॉक्टर मध्ये सुट्टी देतात, पण ती पीएसएवर नजर ठेवून दिलेली सुट्टी असते, आपण घरी बसून घेतलेली नाही.

गोळ्या जोडल्या असतील तर

पसरलेल्या आजारात आता सुरुवातीपासूनच इंजेक्शनसोबत अॅबिराटेरॉन, एन्झाल्युटामाइड, अपाल्युटामाइड, डॅरोल्युटामाइड यातली एखादी गोळी जोडतात, काहींना डोसेटॅक्सेलची केमोपण. गोळी चालू झाली म्हणून इंजेक्शन बंद करायचं नसतं, दोन्हीचं काम वेगळं आहे.

अॅबिराटेरॉन अॅड्रिनलमधून आणि खुद्द कॅन्सरच्या पेशीतून बनणारं हार्मोनसुद्धा बंद करतं. नेहमीचा 1000 मिलिग्रामचा डोस उपाशीपोटीच घ्यायचा, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, कारण जेवणासोबत घेतलं तर औषध रक्तात कितीतरी पट जास्त जातं. काही डॉक्टर कमी डोस जेवणासोबत देतात, ती त्यांनी ठरवून दिलेली वेगळी पद्धत आहे, गोळ्या वाचवायला आपल्या मनानं तसं करू नका. सोबत प्रेडनिसोलोन असतं, ते एकदम बंद करायचं नाही. बीपी, पोटॅशियम, लिव्हरची टेस्ट ठरलेल्या वेळी करायची, पायाला सूज आली, छातीत धडधड झाली तर कळवायचं. आणि घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर गोळ्या काढून द्यायचं काम तिला देऊ नका, हात लावायचाच झाला तर ग्लोव्हज घालून.

एन्झाल्युटामाइडला उपाशीपोटीची अट नाही, पण थकवा येतो, तोल जाऊन पडायचं प्रमाण वाढतं आणि पूर्वी कधी फिट आली असेल तर ते आधी सांगावं लागतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठी दाखवल्याशिवाय घेऊ नका.

शरीरावर काय होतंय, काय करायचं

एकदम अंगातून वाफा आल्यासारखं होतं, घाम फुटतो, रात्री झोपमोड होते. बाप्ये हे सांगत नाहीत, चिडचिड करतात. सुती कपडे, रात्री पंख्याखाली ओला पंचा, चहा अन् जळजळीत तिखट थोडं कमी, एवढ्यानं भागलं नाही तर त्याच्यावर गोळ्या आहेत, डॉक्टरांना सांगा. थर्मामीटरनं ताप मात्र बघत जा, सगळाच घाम हार्मोनचा नसतो.

हाडं ठिसूळ होतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की घरच बसतं. उपचार चालू करताना डेक्सा स्कॅनचं, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीचं, विचारा. दूध, दही, तीळ, पालेभाज्या रोजच्या ताटात असू द्या, कॅल्शियम अन् डी व्हिटॅमिनच्या गोळ्या सांगितल्या तेवढ्याच, जास्त घेतल्यानं जास्त फायदा होत नाही. तंबाखू सुटली पाहिजे. हाडांसाठीचं झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब इंजेक्शन सुरू होणार असेल तर त्याच्या आधी दात दाखवून घ्या, किडलेला दात आधीच काढून घ्या, कारण इंजेक्शननंतर दात काढला तर जबड्याची जखम भरून न येण्याचा धोका असतो. बाथरूममध्ये धरायला दांडी लावा, रात्री लाइट चालू ठेवा, बाजेवरून झटकन उठू देऊ नका.

दंडा-मांड्यांचं मांस कमी होतं आणि पोट वाढतं, शुगर अन् कोलेस्टेरॉल वाढतं, हृदयावर ताण येतो. त्यामुळं घरात बसून आराम करा असं सांगणं चुकीचं आहे. सकाळी उन्हं चढायच्या आत चालणं, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, हलकं वजन उचलणं, हे आठवड्यातून दोन-तीनदा. हाडात गाठी असतील तर कुठला व्यायाम चालेल ते आधी विचारून. ज्वारीची भाकरी, वरण, मटकी-हरभऱ्याची उसळ, अंडी चालत असतील तर अंडी, म्हणजे पोटात प्रोटीन जायला पाहिजे. टेस्टोस्टेरॉन बंद करेल असा कुठलाच काढा किंवा पथ्य नाही, त्यासाठी माणसाला उपाशी मारू नका.

मन उदास होतं, रडू येतं, कशात लक्ष लागत नाही. आयुष्यभर रडताना न दिसलेला माणूस साध्या गोष्टीला डोळे पुसायला लागतो तेव्हा घरचे हबकून जातात. हे हार्मोनमुळं होऊ शकतं हे त्यालाही सांगा अन् त्याच्या बायकोलाही. नवरा-बायकोचं जवळ येणं थांबतं, त्याबद्दल आईला कुणीच काही सांगत नाही आणि ती मनात भलतंच धरून बसते, घरातल्या मोठ्या बाईनं नाहीतर सिस्टरनं तिच्याशी बोलावं.

आणि ताकदीच्या पुड्या, टेस्टोस्टेरॉन बूस्टर, जाहिरातीतल्या कॅप्सूल, हे पूर्ण बंद. आपण इकडं हजारो रुपये घालून जे हार्मोन खाली आणायलोत तेच वाढवायचा दावा त्या डबीवर छापलेला असतो. थकवा आलाय म्हणून जावयानं प्रेमानं आणून दिली तरी नको.

औषध चालू असून पीएसए वाढायलाय

काही वर्षांनी बऱ्याच जणांना हे होतं, कुणाला लवकर, कुणाला उशिरा. टेस्टोस्टेरॉन 50 च्या खाली आहे तरी पीएसए चढायलाय किंवा स्कॅनमध्ये गाठी वाढल्यात. कॅन्सरची पेशी तोवर शहाणी झालेली असते, ती रिसेप्टर वाढवून थेंबभर हार्मोनवर भागवते, कधी स्वतःच हार्मोन बनवते, कधी रिसेप्टरच असा बदलते की तो हार्मोनशिवाय चालू राहतो. याचा अर्थ इंजेक्शन वाया गेलं असा नाही, आणि म्हणूनच ते बंद करत नाहीत, चालू ठेवून वरून दुसरं औषध जोडतात. अशा वेळी बीआरसीए जीनच्या (यातला दोष घराण्यातून येऊ शकतो) टेस्टचं विचारा, त्यावर चालणारी ओलापारिबसारखी वेगळी औषधं आहेत आणि दोष घराण्यातून आलेला निघाला तर भावांनी, लेकांनी अन् लेकींनीही आपली तपासणी कधी करायची ते विचारून घ्यायला पाहिजे.

एका गोष्टीला मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. पाठीत नवीन जोरात दुखायलंय, पायातली ताकद गेल्यासारखी वाटते, चालताना पाय अडखळतात, मुंग्या येतात, लघवी-संडासचा ताबा सुटला किंवा लघवी तुंबली, तर मणक्यात नस दाबली जात असू शकते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलला न्या, गादीवर सरळ झोपवून न्या, मालीश करू नका, हाडवैद्याकडं तर नकोच. उशीर झाला तर पाय परत येत नाहीत.

पैशाचं

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं कव्हर आहे. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी त्याच्याकडं जा आणि ऑपरेशन, रेडिएशन, इंजेक्शन यातलं काय काय बसतं ते एकेक करून विचारा, नुसतं कॅन्सर योजनेत आहे का असं विचारू नका. आपल्या भागाला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, लातूर-धाराशिवकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडतं. औषध बाहेरून घ्यायची वेळ आलीच तर डॉक्टरांना त्या औषधाचं जेनेरिक नाव लिहून द्यायला सांगा आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, अॅबिराटेरॉन अन् बायकॅल्युटामाइडच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या भावात मोठा फरक असतो, छापील किमतीवर भरपूर सूटही मिळते. बिल पक्कं घ्या, बॅच नंबर असलेलं.